माथेरान पायी फिरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं आजोळ माथेरानच्या पायथ्याच्या नेरळचं. आजी सकाळी अंगणात उभी राहून डोंगराकडे बघायची आणि माथ्यावर ढग किती उतरलाय त्यावरून वाळवण घालायचं की नाही ते ठरवायची. त्या माथ्यावर मी लहानपणापासून जातो आहे. हल्ली ओळखीचं कुणी माथेरानला निघालं की आधी मला फोन येतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. हॉटेलं, जेवणखाण, खरेदी यांतलं इथे काही नाही. रान, रस्ते, पॉइंट, बागा आणि पायी फिरणं, एवढंच आहे.

माथेरानमध्ये खरंच गाडी जात नाही?

नाही. तुमची गाडी असो की नेरळहून केलेली टॅक्सी, ती दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथून बाजारपेठ तीन किलोमीटरच्या आत आहे आणि ते अंतर पायी, रेल्वेच्या शटलने, घोड्यावरून किंवा आता ई-रिक्षाने कापायचं. रुग्णवाहिकेसारख्या तातडीच्या वाहनांना तेवढी सूट आहे. मोटारबंदीची पद्धत जुनीच. पुढे केंद्र सरकारने 4 फेब्रुवारी 2003 च्या अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचा डोंगराळ भाग, मिळून दोनशे चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केलं.

याचा परिणाम पाहायचा तर बाजार संपल्यावर लुईझा पॉइंटच्या वाटेला लागा आणि पाच मिनिटांनी मान वर करा. दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या डोक्यावर एकमेकींत गुंतलेल्या दिसतील. मोटारीसाठी रस्ता रुंद करावा लागतो, वळणं तोडावी लागतात, कडेची झाडं जातात. इथे त्यातलं काहीच करावं लागलं नाही, म्हणून वस्तीच्या मधोमध रान टिकलं. आठशे मीटर उंचीवरचं हे गाव आहे, नगर परिषद आहे, शाळा आहे, दवाखाना आहे, पाच हजारांच्या आसपास लोक राहतात, आणि तरी घरातून बाहेर पडलं की माणूस झाडाखालीच असतो. असं गाव महाराष्ट्रात मला दुसरं माहीत नाही.

वर पोचायचं कसं?

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर नेरळला उतरा. स्टेशनबाहेरून दस्तुरीपर्यंत शेअर टॅक्सी मिळते. घाट लहान पण खडा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं.

मिनी ट्रेनने जायचं असेल तर थोडी तयारी लागते. दोन फुटी रुळांची ही गाडी 1907 साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचा पैसा घालून ती बांधली. साधारण एकवीस किलोमीटरच्या वाटेवर जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं लागतात. नेरळहून सुटणाऱ्या फेऱ्या मोजक्या आणि डबे छोटे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी लवकर पोचलात तरच जागा मिळते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो. दस्तुरीजवळच्या अमन लॉजपासून माथेरानपर्यंत छोटी शटल मात्र तेव्हाही धावते, आणि दस्तुरीला उतरलेल्या थकल्याभागल्या माणसांना तीच मोठा आधार आहे. अतिवृष्टीमुळे हा मार्ग आजवर बरेचदा उखडला. 2005 च्या जुलैत तर त्याची इतकी दुर्दशा झाली की गाडी पुन्हा सुरू व्हायला 2007 उजाडलं. 2019 च्या पावसाने केलेलं नुकसान भरून निघून नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर 2022 यावा लागला. म्हणून निघण्यापूर्वी गाडी चालू आहे का ते रेल्वेकडे विचारून घ्या.

दस्तुरीला नगर परिषदेचा प्रवासी कर भरावा लागतो. पावती जपून ठेवा.

एका दिवसात सगळे पॉइंट होतात का?

पॉइंट तीसहून जास्त आहेत. घोड्यावर बसून यादीतले बारा-पंधरा उरकणारे लोक मी पाहिले आहेत. संध्याकाळी कुठला कुठला होता हे त्यांना सांगता येत नाही. तसं करू नका.

डोंगराचा आकार एकदा डोक्यात बसला की निवड सोपी होते. माथा दक्षिणोत्तर लांबट आहे. उत्तरेच्या टोकाला पॅनोरमा पॉइंट, दक्षिणेच्या अंगाला वन ट्री हिल, चौक पॉइंट आणि रामबाग. पश्चिमेच्या कड्यावर लुईझा, एको, आणि जरा वर पॉर्क्युपाइन, ज्याला सगळे सनसेट पॉइंट म्हणतात. पूर्वेला गार्बट. मधे बाजार. एका दिवसात यातली एकच बाजू धरावी.

पहिल्यांदा येणाऱ्याला मी पश्चिम बाजू सुचवतो. सकाळी बाजारातून निघून शार्लट लेकपर्यंत जायचं, तिथे पिसारनाथाचं दर्शन घ्यायचं, मग एको आणि लुईझा. दुपारी जेवून थोडं पडायचं आणि चारच्या सुमाराला सनसेट पॉइंटची वाट धरायची. समोर प्रबळगडाचा प्रचंड आडवा माथा आणि त्याला लागून कलावंतिणीचा सुळका. सूर्य बुडाला की लगेच उठून निघा. जंगलातून परतीची वाट लांब आहे आणि झाडीखाली अंधार लवकर होतो. बॅटरी जवळ असू द्या, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका.

दुसऱ्या दिवसाची सवड असेल तर पहाटे उठून पॅनोरमाला जा. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, खाली नेरळ-कर्जतचं सपाट रान धुक्याने भरलेलं असतं आणि पेबचा किल्ला त्यातून डोकं काढून उभा असतो.

शार्लट लेकमध्ये पोहता येतं का?

नाही. ते गावाचं पिण्याचं पाणी आहे. हातपाय धुणं, कपडे भिजवणं, काठावर खरकटं टाकणं यांतलंही काही करू नये. काठावर शांत बसा. पिसारनाथ हे माथेरानचं ग्रामदैवत, देवळाच्या आवारात चपला काढून आवाज जरा खाली ठेवा.

सगळ्या पॉइंटांना इंग्रजी नावं का?

1850 च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावाहून हा डोंगर चढून आला आणि मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या इंग्रजांना इथली हवा मानवली. मग बंगले झाले, कडे शोधले गेले, नावं पडली. मुंबईच्या पारशी, बोहरा, गुजराती कुटुंबांनीही इथे घरं बांधली, त्यामुळे बागांवर आणि बंगल्यांवर तीही नावं दिसतात.

पण मॅलेटने माथेरान ‘शोधलं’ असं वाचलं की मला दरवेळी खटकतं. तो ज्या वाटेने वर आला ती वाट कुणीतरी पायाने पाडलेली होती. पायथ्याच्या वाड्यांतले ठाकूर, कातकरी आणि धनगर हा डोंगर पिढ्यान्‌पिढ्या चढत-उतरत आले. माथ्यावरचं रान ते माथेरान, हे नाव त्यांच्याच बोलीतून आलेलं. आजही पश्चिमेच्या पायथ्याच्या धोदाणी गावातल्या बाया डोक्यावर भाजीची पाटी घेऊन सनसेट पॉइंटच्या वाटेने वर येतात. त्या वाटेवर पाटीवाली समोरून आली तर तुम्ही बाजूला व्हा. डोंगराच्या अंगाला सरकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही.

आणखी एक नाव इथलं आहे आणि मुलांना जरूर सांगावं असं आहे. हुतात्मा भाई कोतवाल यांचा जन्म 1 डिसेंबर 1912 चा, माथेरानचा. 1942 च्या लढ्यात त्यांच्या दलाने ब्रिटिशांच्या विजेचे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले.

झाडं कोणती पाहायची? मला झाडांतलं काही कळत नाही.

चार ओळखा, पुरेत.

जांभूळ सगळीकडे आहे. रस्त्यावरची सावली बहुतेक त्याचीच. मे संपता संपता पिकलेली जांभळं खाली पडून माती जांभळी होते. दुसरं झाड अंजनी. चिवट, गर्द हिरव्या पानांचं, फार उंच न होणारं. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या फांद्यांना थेट लाकडातूनच फुटल्यासारखे निळ्याजांभळ्या बारीक फुलांचे झुबके लागतात. त्या दिवसांत पायवाटेवर निळा सडा पडलेला असतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कुणाच्या तरी हातातून रंग सांडलाय असंच वाटलं होतं. तिसरा हिरडा, त्याची वाळलेली, कंगोरेदार फळं वाटेवर सापडतात. चौथा पिसा, ज्याची कोवळी पालवी मऊ आणि लोंबती असते आणि पानाची खालची बाजू पांढुरकी.

उतारांवर कारवी आहे. साधारण सात-आठ वर्षांतून एकदा ती एकदम फुलते आणि अख्खी उतरण जांभळी होते. फुलून झाली की वाळते. करवंदाच्या जाळ्या कड्यांच्या बाजूला, मेमध्ये तयार.

पावसाळ्यात हीच झाडं वेगळीच दिसतात. खोडांवर शेवाळ चढतं, त्यात नेचे उगवतात, फांद्यांच्या बेचक्यात आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलते. एका जांभळाच्या खोडापाशी दहा मिनिटं थांबलात तरी पाहण्यासारखं पुष्कळ आहे. तोडून मात्र काही नेऊ नका. आमरी घरी नेऊन जगत नाही, आणि संवेदनशील क्षेत्रातून झाड-रोप उचलणं चुकीचंच आहे.

रस्ते लाल मातीचेच का ठेवले आहेत? पेव्हर ब्लॉक घातले तर सोय नाही का होणार?

यावर गावातच दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माथेरानच्या माथ्यावर जांभा दगडाचा थर आहे आणि त्याच्या खाली काळा कातळ. जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खाली कातळापर्यंत जातं आणि कड्याच्या कडेला झऱ्यांतून बाहेर पडतं. लाल रंग या जांभ्याचाच. वरची माती पातळ आहे, आणि दरवर्षी जून ते सप्टेंबरच्या धुवांधार पावसात ती रस्त्यांवरून वाहून दरीत जाते. कित्येक जुन्या झाडांची मुळं आता हात-दीड हात उघडी पडली आहेत. लुईझाच्या वाटेवर ती पायऱ्यांसारखी दिसतात. घोड्यांच्या टापांनी माती सुटी होते आणि तिची झीज वाढते. त्यामुळे मुख्य रस्त्यावर काहीतरी घट्ट हवं, असं म्हणणाऱ्यांचं चुकत नाही. इथल्या मुलांना पावसात चिखलातून शाळेला जायचं असतं, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं असतं. आपण दोन दिवसांचे पाहुणे, चिखल आपल्याला गमतीचा वाटतो.

दुसऱ्या बाजूने, रानातल्या प्रत्येक वाटेवर ब्लॉक बसले तर पाणी मुरण्याऐवजी पृष्ठभागावरून सुसाट धावेल, कडेची माती आणखी जोराने कापली जाईल. घोडेही गुळगुळीत ब्लॉकवरून घसरतात. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2025 च्या ऑगस्टमधल्या आदेशात न्यायालयाने दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला मुभा दिली आणि आतल्या वाटांवर ते नकोत असं सांगितलं. मला ही वाटणी पटते. माणसांच्या रोजच्या येण्याजाण्याचा एक रस्ता नीट असावा आणि रानातल्या वाटा मातीच्याच राहाव्यात.

तुमच्यापुरतं करण्यासारखं एकच: मळलेल्या वाटेवरूनच चाला. वळण टाळायला झाडीतून आडवे उतरलात की तिथे नवी घळ पडते आणि पुढच्या पावसात तिचा ओढा होतो.

हातरिक्षा, ई-रिक्षा की घोडा?

माणसाने माणसाला ओढायचं, ही गोष्ट मला लहानपणापासून बघवत नसे. आजीला गुडघ्यांचा त्रास सुरू झाला तरी ती हातरिक्षात बसली नाही. बसत, उठत, चालतच बाजारापर्यंत जायची. पण रिक्षा ओढणाऱ्यांना दुसरा कामधंदा नव्हता हेही तितकंच खरं. 2022 च्या डिसेंबरात ई-रिक्षांचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. आधी उल्लेख केलेल्या 2025 च्या आदेशात न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत बंद करण्यास आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यास राज्य सरकारला सांगितलं. ई-रिक्षांची संख्या मर्यादित आहे आणि त्यांवर पहिला हक्क शाळेची मुलं, आजारी माणसं आणि ज्येष्ठ यांचा आहे, असं समजून वागावं. धडधाकट असाल तर चाला.

घोडा घेतलात तर दर आधी ठरवा, तिथे दरफलक असतो तो वाचा, आणि घोडेवाल्याला दौडवू नका म्हणून स्पष्ट सांगा. लहान मुलाला एकट्याला बसवू नका. घोडेवाल्यांपैकी पुष्कळांना इथल्या वाटा आणि झाडं उत्तम माहीत आहेत. घोड्यावर न बसता अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन त्यांच्याबरोबर पायी फिरा, असं मी आवर्जून सुचवतो.

लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर आहेत. त्यांनी कुठे बसावं, कुठे खेळावं?

माधवजी बाग आणि पेमास्टर पार्क या दोन्ही बागा बाजारापासून लांब नाहीत. मुलांना खेळायला, मोठ्यांना टेकायला जागा आहे. खंडाळा पॉइंटही बाजारातून अगदी जवळ. दरी पाहायची हौस तिथे भागते. धावायला मोकळं मैदान हवं असेल तर ऑलिंपिया रेसकोर्स. गावातली पोरं तिथे खेळताना दिसतील. त्यांचा डाव चालू असेल तर मधून जाऊ नका.

कठडे सगळीकडे नाहीत. पॉइंटवर मुलाचा हात सोडायचा नाही.

माकडांचं काय करायचं?

खायला द्यायचं नाही. माकडं आणि वानर दोन्ही इथे आहेत. हातात पिशवी दिसली की माकड ती ओढतं, कारण वर्षानुवर्षं पर्यटकांनी त्यांना वेफर आणि बिस्किटं खायला घातली. खाणं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवा. माकड अंगावर आलंच तर दात दाखवून हसू नका, डोळ्यांत रोखून बघू नका, सावकाश मागे सरा.

पक्षी मात्र खूप आहेत. पहाटे शीळकरी कस्तूर ऐका. निळसर काळा पक्षी आहे, पावसाच्या सुरुवातीला ओढ्याकाठी माणसाने शीळ घालावी तसा गातो. आमच्याकडे नवीन आलेला पाहुणा हमखास मागे वळून बघतो, कोण शीळ घालतंय म्हणून. उंच झाडांवर कधी शेकरूही दिसतं. त्यासाठी आवाज न करता चालावं लागतं, आणि सोबतच्या स्पीकरवर गाणी लावली असतील तर यातलं काहीच भेटणार नाही. पॉइंटवर स्पीकर लावणाऱ्यांना मी नम्रपणे बंद करायला सांगतो. बहुतेक जण करतात.

खालून पायी चढून येता येतं का?

येतं, आणि ज्यांचे पाय बरे आहेत त्यांनी एकदा तरी यावं. भिवपुरी स्टेशनहून सागाच्या वाडीमार्गे गार्बटला चढणारी वाट सगळ्यांत देखणी. मोकळ्या पठारावरून जाते, पाऊस ओसरल्यावर तिथे गवत कमरेपर्यंत आलेलं असतं. धोदाणीची वाट रोजच्या वापरातली, मळलेली. वन ट्री हिलची वाट खडी आहे, नवख्यांनी टाळावी. पेबला जायचं तर पॅनोरमाच्या अंगाने किंवा नेरळहून. लोखंडी शिड्या आहेत. जवळच रुळांलगत कड्यावरचा गणपती आहे. रुळांवरून चालणं धोक्याचं आहे, वळणापलीकडची गाडी दिसत नाही.

पाणी माणशी तीन लिटर घ्या. वाडीतला वाटाड्या घ्या आणि त्याला ठरलेले पैसे पूर्ण द्या.

पावसाळ्यात यावं का?

माथ्यावर जरूर या. ढग रस्त्यावर उतरतात, दहा पावलांपलीकडचं माणूस दिसत नाही, पानांवरून सतत टपटप चालू असते. दरीचं दृश्य दिसेलच असं नाही, हे मनाशी धरून या. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही, रेनकोट आणा. बुटांचे तळवे खडबडीत हवेत, कारण शेवाळलेला जांभा साबणासारखा निसटतो.

पायथ्याहून चढण्याचा बेत मात्र जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. 19 जुलै 2023 च्या रात्री समोरच्याच इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. रात्रीची वेळ, झोपलेली माणसं, आणि मदतीला निघालेल्यांना अंधारात, पावसात तो चढ पायी चढावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांनाही डोंगराचा अंदाज आला नाही. इशारा असताना उतारावर, धबधब्याखाली किंवा ओढ्यात जाऊ नये.

कपडे आणि पादत्राणं?

पांढरं काही आणू नका, लाल माती धुऊन जात नाही. जुने, सवयीचे बूट. हिवाळ्यात रात्री स्वेटर लागतो.

कचऱ्याचं काय?

गाड्या नसल्याचा एक अर्थ असा की इथला कचरा उचलणं साध्या गावापेक्षा अवघड आहे. वर आलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी पाठीवर, घोड्यावर किंवा ढकलगाडीवर आणलेली असते. तिचा कचराही तसाच हलवावा लागतो. कड्यावरून खाली टाकलेली बाटली तर कुणीच उचलू शकत नाही. ती खाली एखाद्या वाडीच्या पाणवठ्यात जाऊन पडते. म्हणून बाटली घरून आणा, ती भरून घ्या, आणि वेष्टनं सॅकच्या एका कप्प्यात ठेवून परत न्या. नेरळ स्टेशनवर कचरापेट्या आहेत.

कधी यावं?

शनिवार-रविवार आणि जोडून सुट्ट्या सोडून कधीही. पहिली निवड ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर, नाताळची गर्दी वगळून. दुसरी, अंजनी फुलते तेव्हा, उन्हाळा सुरू होता होता, आठवड्याच्या मधल्या वारी. सकाळच्या पहिल्या टॅक्सीने नेरळ सोडलंत तर दस्तुरीहून बाजारापर्यंतच्या वाटेवर घोडे आणि माणसं जमायच्या आत रान तुम्हाला एकट्याला मिळतं. मी अजूनही त्याच वेळी निघतो.